डॉस मशीनचा बॅकअप फ्लॉपीवर कसा घ्यायचा

नागपुरात इतवारीतल्या एखाद्या पेढीवर, कळमन्याच्या अडतदुकानात किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या काट्याच्या केबिनमध्ये अजून डॉसवरचं (कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या प्रणालीवरचं) फॉक्सप्रो, म्हणजे डेटाबेसचा प्रोग्राम, चालत असेल, तर त्या मशीनला बहुधा यूएसबी नसतो आणि सीडी रायटरही नसतो. नेटवर्क कार्ड असलंच तर त्याचा ड्रायव्हर कुणाकडे नसतो. डेटा बाहेर काढायची वाट एकच उरते, समोरची फ्लॉपी ड्राइव्ह. असं मशीन ज्याच्या गळ्यात पडलं आहे आणि ज्याने फ्लॉपीवर बॅकअप कधी घेतलेला नाही, त्याच्यासाठी ही पद्धत आहे.

मुख्य भर डॉस ६.२२ सोबत येणाऱ्या एमएसबॅकअप या बॅकअपच्या प्रोग्रामवर आहे. डॉस ५ किंवा त्याआधीचं असेल तर काय करायचं तेही पुढे दिलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; मशीनवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करा. डेटाची डिरेक्टरी उदाहरणासाठी सी:\हिशोब धरली आहे.

आधी निवड, मग फ्लॉपी

नवीन माणूस पहिल्या दिवशी अख्खी सी ड्राइव्ह टिकमार्क करतो आणि प्रोग्राम चाळीस फ्लॉप्या मागतो. इथेच काम बिघडतं. बॅकअपचा संच ही एकच वस्तू असते. मोठी फाइल एका फ्लॉपीवर संपत नाही, ती पुढच्या फ्लॉपीवर चालू राहते, त्यामुळे मधली एक फ्लॉपी गेली की तिच्या आजूबाजूचंही जातं. समजा दर पन्नास फ्लॉप्यांमागे एक खराब निघते. मग ३ फ्लॉप्यांच्या संचात एखादी तरी दगा देण्याची शक्यता शंभरात ६ आहे. २० फ्लॉप्यांच्या संचात तीच शंभरात ३३ होते. संच लहान ठेवणं हाच सगळ्यात स्वस्त विमा.

म्हणून आधी सी:\हिशोब मध्ये जाऊन डीआयआर (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) करा आणि कोणत्या फाइली खरोखर लागतात ते बघा. टेबलं म्हणजे डीबीएफ फाइली, त्या हव्यातच. त्यांच्या जोडीला एफपीटी असेल तर तीही हवीच, कारण मेमो फील्डमधला (लांब टिपणांच्या रकान्यातला) मजकूर तिच्यात असतो आणि ती नसेल तर टेबल उघडत नाही. इंडेक्स फाइली, म्हणजे नोंदी पटकन शोधायच्या याद्या (फॉक्सप्रोत सीडीएक्स व आयडीएक्स, क्लिपर या दुसऱ्या डेटाबेस प्रोग्राममध्ये एनटीएक्स), डेटावरून पुन्हा तयार होतात, आणि जागा मात्र भरपूर खातात. तुमच्या प्रोग्रामच्या मेनूत 'री-इंडेक्स' आहे आणि इंडेक्स फाइल मुळातच नसताना तो ती नव्याने बनवतो, हे एका कॉपीवर करून बघितलं असेल तरच त्या वगळा. काही प्रोग्राम सीडीएक्स सापडली नाही की सुरूच होत नाहीत; तिथे जागेची काटकसर महागात पडते. बीएके आणि टीएमपी फाइली सरळ सोडा.

डॉस, विंडोज, फॉक्सप्रो यांच्या मूळ फ्लॉप्या असतील तर त्यांचा बॅकअप रोज घेण्यात अर्थ नाही. पण हिशोबाचा जो प्रोग्राम वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणी लिहून दिला, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या ईएक्सई, एपीपी, एफएक्सपी आणि रिपोर्टच्या एफआरएक्स, एफआरटी फाइली जगात दुसरीकडे कुठेच नसतील. त्यांचा एकदाच वेगळा संच करा, दोन प्रती काढा आणि त्यावर पुन्हा कधी लिहू नका.

आता किती फ्लॉप्या लागतील ते. साडेतीन इंची एचडी फ्लॉपीला १.४४ एमबी म्हणतात. ८० ट्रॅक (चकतीवरचे गोल पट्टे), २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे), दर सेक्टरला ५१२ बाइट, असे एकूण १४,७४,५६० बाइट होतात. फॉरमॅटनंतर हाती १४,५७,६६४ बाइट लागतात. सवापाच इंची एचडी असेल तर १.२ एमबी.

डीबीएफ फाइली कॉम्प्रेशनमध्ये छान बसतात. कारण टेबलातलं फील्ड ठरावीक रुंदीचं असतं: नावाला ४० अक्षरं राखलेली असली आणि नाव १२ अक्षरांचं असलं, तर उरलेल्या २८ जागी डिस्कवर खरोखर रिकामी स्पेस लिहिलेली असते. अशा हजारो नोंदींमधल्या स्पेस दाबल्या की फाइल बऱ्याचदा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. म्हणजे ७ एमबीच्या टेबलांना कॉम्प्रेशन धरून ३ ते ४ फ्लॉप्या पुरतात. हाताशी ६ ठेवा, कारण एखाददुसरी ऐन वेळी नापास होणारच.

फ्लॉपी तपासून घ्या

सोनीने फ्लॉपी विकणं २०११ मध्ये थांबवलं. आता जे मिळतं तो जुना साठा किंवा वापरलेला माल, त्यामुळे प्रत्येक फ्लॉपी संशयित धरूनच चाला.

पहिली तपासणी डोळ्यांनी. पत्र्याचं शटर बोटाने सरकवून, आतली तपकिरी चकती मधल्या धातूच्या चाकाने हळूहळू फिरवत उजेडात बघा. चकतीला हात लावू नका. गोल गोल बारीक चरे दिसले तर फ्लॉपी टाकून द्या. पांढुरके, धुरकट ठिपके म्हणजे बुरशी. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या फ्लॉप्यांवर ती हमखास दिसते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी हेडला (चकती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला) चिकटते आणि त्यानंतर घातलेली चांगली फ्लॉपीही खरवडली जाते.

दुसरी तपासणी भोकांची. साडेतीन इंचीच्या एका कोपऱ्यात सरकती खिटी असते, ती राइट-प्रोटेक्टची. भोक उघडं असेल तर लिहिता येत नाही, बंद असेल तर येतं. सवापाच इंचीत नेमकं उलटं: कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लिहिणं बंद. साडेतीन इंचीच्या दुसऱ्या कोपऱ्यातलं भोक ती एचडी असल्याचं सांगतं. ७२० केबीच्या डीडी फ्लॉपीला ड्रिलने तसंच भोक पाडून १.४४ बनवायची युक्ती एके काळी खूप चालायची. ती बॅकअपला वापरू नका. दोन्हींचा चुंबकीय लेप वेगळा असतो. आज लिहिलेलं आज वाचतं, सहा महिन्यांनी वाचेल याची खात्री नाही.

मग फॉरमॅट: फॉरमॅट ए: /यू. ही /यू महत्त्वाची. तिच्यामुळे प्रत्येक ट्रॅक नव्याने लिहिला जातो आणि तपासला जातो. /क्यू वापरलं तर फक्त वरची यादी पुसली जाते, चकती तपासली जात नाही. शेवटी येणाऱ्या आकड्यांत 'बॅड सेक्टर्स' ही ओळ आली, मग ती कितीही छोट्या आकड्याची असो, ती फ्लॉपी बॅकअपमधून बाद. चिठ्ठ्यांची देवाणघेवाण करायला ठेवा हवी तर.

एमएसबॅकअपची पहिली वेळ

हा प्रोग्राम १९९३ मध्ये डॉस ६ सोबत आला. तो मुळात सिमँटेकच्या नॉर्टन बॅकअपचीच आवृत्ती. वेग मिळावा म्हणून तो फ्लॉपीचं लिहिणं डॉसवर न सोपवता हार्डवेअरशी थेट बोलतो, आणि म्हणूनच पहिल्यांदा चालवला की कॉन्फिगरेशन करायलाच लावतो. ती पायरी टाळता येते, पण टाळू नका.

विंडोज चालू असेल तर बाहेर पडा. फॉक्सप्रोतूनही पूर्ण बाहेर या. टेबल उघडं असताना घेतलेल्या प्रतीत टेबलाच्या माथ्यावरचा नोंदींचा आकडा जुनाच राहू शकतो. सी:\ वर एमएसबॅकअप टाइप करून एंटर मारा. प्रोग्राम स्क्रीन आणि माउस विचारेल, तिथे आहे ते मान्य करा.

पुढे ड्राइव्हची चेंज-लाइन तपासणी येते. त्या वेळी सगळ्या ड्राइव्ह रिकाम्या ठेवा. चेंज-लाइन म्हणजे 'फ्लॉपी बदलली' हे ड्राइव्हने मशीनला सांगायची तार, केबलच्या ३४ नंबरच्या पिनवरची. ती निकामी असेल तर भयंकर प्रकार होतो: तुम्ही दुसरी फ्लॉपी घालता, पण डीआयआर मात्र पहिल्याच फ्लॉपीची यादी दाखवतं. त्या अवस्थेत काही लिहिलं तर पहिलीची यादी दुसरीवर छापली जाते आणि दुसरी बरबाद. स्वतः तपासायचं असेल तर वेगवेगळ्या फाइलींच्या दोन फ्लॉप्या आळीपाळीने घालून डीआयआर करा. यादी बदलली नाही, तर आधी केबल काढून घट्ट बसवा. तरीही तेच झालं तर ड्राइव्ह बदला.

त्यानंतर कंपॅटिबिलिटी टेस्ट. तिला एकाच क्षमतेच्या दोन फ्लॉप्या लागतात आणि त्यांवरचं आधीचं सगळं जातं. प्रोग्राम आपणहून थोड्या फाइली निवडतो, १ आणि २ नंबरवर लिहितो, मग पुन्हा १ आणि २ मागून मूळ फाइलींशी ताडून बघतो. या दोन फ्लॉप्यांवर पेन्सिलने १ आणि २ लिहून ठेवा. अदलाबदल झाली की टेस्ट विनाकारण नापास दाखवते. टेस्ट पास झाली की सेव्ह करा. डीएमए बफर लहान असल्याचा संदेश आला तर कॉन्फिग.सिस (मशीन सुरू होताना वाचली जाणारी फाइल) मधल्या ईएमएम३८६ (मेमरीचा ड्रायव्हर) च्या ओळीच्या शेवटी डी=६४ जोडा, मशीन रीस्टार्ट करा आणि टेस्ट पुन्हा घ्या.

प्रत्यक्ष बॅकअप

मुख्य मेनूतून बॅकअप घ्या. 'बॅकअप टू' मध्ये ए: आणि योग्य क्षमता निवडा. 'सिलेक्ट फाइल्स' मध्ये डावीकडे डिरेक्टऱ्या आणि उजवीकडे फाइली दिसतात. हिशोब वर कर्सर नेऊन स्पेसबार दाबा, सगळ्या फाइलींसमोर टिकमार्क येईल. मग 'एक्सक्लूड' मध्ये जाऊन नको त्या फाइलींचा नमुना द्या, उदाहरणार्थ *.बीएके. खाली निवडलेल्या फाइली, लागणाऱ्या फ्लॉप्या आणि वेळ यांचा अंदाज येतो. तो अंदाजच समजा.

'ऑप्शन्स' मध्ये काय लावायचं यावर मतं असतात. आमचं मत असं: 'व्हेरिफाय' चालू, 'कॉम्प्रेस' चालू, 'एरर करेक्शन' चालू, वापरलेल्या फ्लॉपीवर लिहिण्याआधी विचारायचं तेही चालू. एरर करेक्शन थोडी जागा खातं, पण एखादा सेक्टर गेला तर फाइल वाचवण्याची शक्यता त्यानेच राहते. पासवर्ड लावू नका. दहा वर्षांनी डेटा परत हवा असेल तेव्हा तो पासवर्ड ठेवणारा माणूस बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.

हे सगळं एकदा जमलं की फाइल मेनूतून 'सेव्ह सेटअप अॅज' करून हिशोब.सेट असं नाव द्या. पुढच्या वेळी एमएसबॅकअप हिशोब एवढं टाइप केलं की हीच निवड समोर येते, आणि बॅकअप घ्यायला मुनीमजींनाही बसवता येतं.

'स्टार्ट बॅकअप' दाबा आणि पहिली फ्लॉपी घाला. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेऱ्या फिरते, म्हणजे एका फेरीला ०.२ सेकंद. दोन बाजूंचे मिळून १६० ट्रॅक, म्हणजे नुसत्या लिहिण्याला ३२ सेकंद. हेड सरकायचा वेळ धरून पाऊण ते एक मिनिट. व्हेरिफाय चालू असलं की साधारण दुप्पट. चार फ्लॉप्यांना दहा मिनिटं धरा. हातात घड्याळ नसलं तरी कान उघडे ठेवा. चांगली फ्लॉपी एकसारखी टक, टक, टक अशी पुढे सरकते. मध्येच घर्रर्र करून हेड मागे जातं आणि पुन्हा त्याच जागी येतं, म्हणजे ड्राइव्ह एखादा सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. स्क्रीनवर चूक आली नसली तरी त्या फ्लॉपीचे दिवस भरले आहेत. या फेरीनंतर ती बदला.

प्रत्येक फ्लॉपी बाहेर आली की दुसरी घालायच्या आधी लेबलवर नंबर टाका. 'सगळं झाल्यावर टाकू' म्हणणाऱ्याच्या टेबलावर हमखास दोन तीन-नंबरी आणि एकही चार-नंबरी नसते. लेबल आधी लिहून मग चिकटवा. चिकटवलेल्या लेबलवर बॉलपेनने जोर देऊन लिहायचं नाही. लेबलवर संचाचं नाव, 'पैकी' सकट नंबर (३ पैकी १), पूर्ण तारीख आणि डॉसची आवृत्ती हवी. पूर्ण तारखेचं एक कारण आहे. प्रोग्राम प्रत्येक बॅकअपची कॅटलॉग फाइल बनवतो. तिचं नाव सीसी६०३२७ए.फुल असलं तर पहिला सी म्हणजे पहिली ड्राइव्ह, दुसरा सी म्हणजे शेवटची ड्राइव्ह, ६ हा वर्षाचा शेवटचा आकडा, ०३२७ म्हणजे २७ मार्च, ए म्हणजे त्या दिवसाचा पहिला. वर्षाचा एकच आकडा असल्यामुळे १९९६, २००६ आणि २०१६ चे मार्च एंडिंगचे बॅकअप नावावरून सारखेच दिसतात.

सगळं संपल्यावर मुख्य मेनूतून 'कंपेअर' चालवा आणि संच पुन्हा एकदा हार्ड डिस्कशी ताडून घ्या. मग सगळ्या फ्लॉप्यांच्या खिट्या सरकवून भोकं उघडी करा.

फुल, इन्क्रिमेंटल की डिफरन्शियल

प्रत्येक फाइलला एक आर्काइव्ह खूण असते. फाइल बदलली की ती चढते. फुल बॅकअप सगळं घेतो आणि खुणा उतरवतो. इन्क्रिमेंटल फक्त खूण असलेल्या फाइली घेतो आणि खुणा उतरवतो, त्यामुळे परत आणायला फुल संच आणि त्यानंतरचे सगळे इन्क्रिमेंटल क्रमाने लागतात. डिफरन्शियल खूण असलेल्या फाइली घेतो पण खुणा तशाच ठेवतो. परत आणायला फुल आणि शेवटचा डिफरन्शियल एवढंच पुरतं. दोन्ही एकत्र मिसळू नका.

पुस्तकात हे छान दिसतं. हिशोबाच्या मशीनवर मात्र व्हाउचरच्या टेबलात एक नोंद वाढली की पूर्ण ५ एमबीची फाइल 'बदललेली' ठरते आणि पूर्णच जाते. त्यामुळे इन्क्रिमेंटल घेऊन एखादी फ्लॉपी कमी लागते, आणि बदल्यात क्रमाची डोकेदुखी येते. संच पाच-सहा फ्लॉप्यांत बसत असेल तर दर वेळी फुलच घ्या. तीन संच करा, लेबलं लाल, हिरवी, निळी. आळीपाळीने सगळ्यात जुन्या संचावर लिहा, कधीही ताज्यावर नाही.

अडलं तर

'राइट प्रोटेक्ट' आलं तर खिटी बघा. 'नॉट रेडी' म्हणजे फ्लॉपी नीट बसली नाही. सवापाच इंचीची कडी लावायची राहते. 'जनरल फेल्युअर' बहुधा फॉरमॅट न केलेल्या किंवा चुकीच्या क्षमतेच्या फ्लॉपीवर येतं. 'ट्रॅक झिरो बॅड' आलं तर फ्लॉपी फेका, ट्रॅक शून्य दुरुस्त होत नाही. पण लागोपाठ तीन फ्लॉप्यांवर तेच आलं तर फ्लॉप्या नव्हे, ड्राइव्ह बघा.

'डेटा एरर' आणि त्याखाली अबॉर्ट, रिट्राय, फेल हे पर्याय आले तर रिट्राय तीन-चार वेळा दाबा. मधे फ्लॉपी काढून, धातूचं चाक दोन-तीन वेळा फिरवून पुन्हा घातली तर कधी कधी वाचते. जुन्या डॉसमध्ये इग्नोर हाही पर्याय दिसतो. तो दाबला तर वाचता न आलेल्या जागी कचरा भरून फाइल 'यशस्वी' होते. हिशोबाच्या फाइलला ते विषच.

एक फ्लॉपी वाचताना खरवडल्याचा आवाज आला तर लगेच काढा आणि पुढची घालू नका. चकतीवरचा लेप निघून हेडला चिकटलेला असतो आणि तो पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर चरा पाडतो. घाबरून लागोपाठ सगळा संच घालून बघणारा माणूस पाच मिनिटांत पूर्ण संच संपवतो. आधी क्लीनिंग डिस्क आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड साफ करा, मग एखादी टाकाऊ फ्लॉपी घालून बघा.

मशीन उघडून साफ केल्यानंतर ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी लागली आहे. केबलची लाल कड १ नंबरच्या पिनकडे हवी.

फ्लॉपी आपल्या मशीनवर वाचते आणि दुसऱ्या मशीनवर 'सेक्टर नॉट फाउंड' म्हणते, याचा अर्थ दोन ड्राइव्हच्या हेडच्या रेषा जुळत नाहीत. हे बॅकअपच्या दिवशीच कळायला हवं. आपली ड्राइव्ह मेल्यावर कळलं तर संच असून नसल्यासारखा. म्हणून वर्षातून एकदा संच दुसऱ्या मशीनवर वाचून बघा.

लिहिताना लाइट गेली तर ती फेरी रद्द समजा आणि पहिल्या फ्लॉपीपासून सुरू करा. घरगुती इन्व्हर्टर बदली होताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं, यूपीएस हवा.

ड्राइव्हमध्ये फ्लॉपी ठेवून मशीन चालू करायचं नाही. बूट सेक्टरचे व्हायरस असेच पसरले. त्यातला १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' तर ५ जानेवारीला मशीन अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा. जुन्या साठ्यातल्या फ्लॉप्यांवर असे पाहुणे अजून निघू शकतात, आणि /यू लावून केलेला फॉरमॅट त्यांना घालवतो.

एमएसबॅकअप नसेल तर

डॉस ५ किंवा आधीचं असेल तर बॅकअप कमांड आहे: बॅकअप सी:\हिशोब\*.* ए: /एस. /एस म्हणजे आतल्या डिरेक्टऱ्यांसह. ती फ्लॉपीवरचं जुनं पुसते, कॉम्प्रेस करत नाही, आणि परत आणताना रिस्टोअर ए: सी:\हिशोब\*.* /एस द्यावं लागतं. फाइली मूळ डिरेक्टरीतच उतरतात. ज्या डॉसच्या आवृत्तीने बॅकअप घेतला त्याच आवृत्तीने परत आणायचा, हा नियम पाळा.

एकही फाइल फ्लॉपीपेक्षा मोठी नसेल तर सगळ्यात साधी वाट एक्सकॉपीची. आधी अॅट्रिब +ए सी:\हिशोब\*.* /एस, मग एक्सकॉपी सी:\हिशोब ए:\ /एस /एम. जागा संपल्याचा संदेश आला की फ्लॉपी बदला, एफ३ दाबून एंटर मारा. /एम कॉपी झालेल्या फाइलींची खूण उतरवत जातो, त्यामुळे काम जिथे थांबलं तिथूनच पुढे चालतं. यातला फायदा मोठा आहे: फाइली जशाच्या तशा दिसतात, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावलेल्या आजच्या कोणत्याही संगणकावर वाचता येतात, आणि एक फ्लॉपी गेली तर तेवढंच जातं. मोठ्या फाइलींसाठी एआरजे हा फाइली दाबून तुकड्यांत टाकणारा वेगळा प्रोग्राम वापरा: एआरजे ए -आर -व्हीए ए:हिशोब सी:\हिशोब\*.*. ते फ्लॉपी भरली की पुढची मागतं.

विंडोज ९५ च्या मशीनवर डॉसचा एमएसबॅकअप चालवू नका, लांब नावं कापली जातात.

ठेवायच्या कुठे

नागपुरात फ्लॉपीचे दोन शत्रू, उन्हाळा आणि कूलर. नवतपात बंद गाडीत किंवा उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेली फ्लॉपी वाकते. प्लास्टिकचं कव्हर जराही वाकडं झालं की चकती आत घासते. सीताबर्डीहून घरी न्यायच्या असतील तर पिशवीत, अंगाजवळ. घरी पोचल्यावर तासभर तशाच ठेवा, मग ड्राइव्हमध्ये घाला. गरम चकती किंचित प्रसरण पावलेली असते आणि ट्रॅक जागेवर नसतात.

कूलरचं लोकांच्या लक्षात येत नाही. वाळ्याच्या ताटीतून येणारी ओलसर हवा थेट टेबलावर असते आणि फ्लॉपीचा डबा नेमका तिथेच. जूनमध्ये कूलर बंद होतो, पाऊस सुरू होतो, आणि पोळ्यापर्यंत बुरशी. झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, कपाट भिंतीला न टेकलेलं, स्पीकर आणि स्टॅबिलायझरपासून दूर. एक संच दुकानात, एक मालकाच्या घरी.

परत आणणं

आधी चाचणी. बॅकअप घेतल्यावर सी:\तपास अशी रिकामी डिरेक्टरी करा, रिस्टोअरमध्ये 'रिस्टोअर टू' ला 'अदर डिरेक्टरीज' निवडून सगळ्या फाइली तिथे उतरवा. फॉक्सप्रोत त्यातलं व्हाउचरचं टेबल उघडून नोंदींची संख्या आणि शेवटचं व्हाउचर मूळ टेबलाशी मिळवा. जुळलं तरच लेबलवर बरोबरची खूण करा.

हार्ड डिस्क खरोखर गेली तर एमएसबॅकअप फ्लॉपीवरून चालत नाही, तो हार्ड डिस्कवरच असावा लागतो. म्हणून डॉस ६.२२ च्या मूळ फ्लॉप्या बॅकअपइतक्याच जपा. नव्या डिस्कवर एफडिस्क, मग त्या फ्लॉप्यांवरून डॉस, मग एमएसबॅकअप आणि पुन्हा कंपॅटिबिलिटी टेस्ट. जुना कॅटलॉग जुन्या डिस्कबरोबर गेलेला असतो, पण त्याची प्रत संचाच्या शेवटच्या फ्लॉपीवर असते. रिस्टोअर, कॅटलॉग, 'रिट्रीव्ह' आणि शेवटची फ्लॉपी. 'पैकी' लिहिलेलं असलं तर ती कोणती हे शोधावं लागत नाही. तीच खराब निघाली तर 'रिबिल्ड' निवडा आणि पहिलीपासून सगळ्या क्रमाने घाला. वेळ लागतो, पण कॅटलॉग पुन्हा तयार होतो. मग कॅटलॉग लोड करा, फाइली निवडा, सुरू करा. संचाची भोकं उघडीच राहू द्या, वाचायला तेवढं पुरतं.

फाइली उतरल्यावर, पहिलं व्हाउचर टाकायच्या आधी, री-इंडेक्स करा. इंडेक्स वगळला नसला तरी करा. टेबल आणि इंडेक्स वेगवेगळ्या दिवसांचे असतील तर नोंद पडते, पण खतावणीत दिसत नाही.